उळ्याचा दुसरा डबा

नारायणगावहून खोडदकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक वस्ती होती. वस्तीवरून रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या दिसायच्या. तिथं एक मुलगा आईवडील आणि आजीआजोबांबरोबर राहायचा. दहावीला होता.

त्या वर्षी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला बरा भाव मिळाला. वडील पुण्याला गेले, तेव्हा त्यांनी पोरासाठी क्रिकेटच्या खेळाची डीव्हीडी आणली. खोक्यासकट, पावतीसकट. घरात जुना संगणक होता. रोज अभ्यास आटोपला की मुलगा अर्धा तास खेळायचा आणि तबकडी काढून तशीच टेबलावर ठेवायचा.

भादव्यात बाजरीच्या कणसांत दाणा भरला आणि पाखरांचे थवे उतरू लागले. शेजारच्या द्राक्षबागेत जुन्या सीड्या दोऱ्यानं टांगलेल्या होत्या. उन्हात त्या चमकल्या की पाखरं बुजायची. आजीनं ते पाहिलं होतं. तिनं टेबलावरची तबकडी उचलली, तिच्यात सुतळी ओवली आणि बाजरीतल्या मेढीला बांधली. घटक चाचणीच्या गडबडीत मुलाला आठवडाभर पत्ताच लागला नाही. लागला तेव्हा वाऱ्यानं मेढीवर घासून तबकडीवर ओरखडेच ओरखडे झाले होते. संगणक ती वाचेना.

"मला वाटलं, टाकलेलीच हाय," आजी म्हणाली. ती फार ओशाळली होती. मुलगा काही बोलला नाही.

दिवाळीच्या तोंडावर तो वडिलांबरोबर मंचरला गेला. तिथल्या एका संगणकाच्या दुकानात त्यानं तबकडी दाखवली.

"ही गेली," दुकानदार म्हणाला. "पण खोकं घरी आहे ना? मग खेळ तुझाच. पेनड्राइव्ह आण, वीस रुपयांत टाकून देतो. नाहीतर नेटवरून फुकट उतरवून घे."

मुलाला ते पटलं. खेळ आपला, पावती आपली, मग प्रत कुठूनही आली तरी काय बिघडलं? त्यानं वीस रुपये दिले आणि भरलेला पेनड्राइव्ह खिशात घालून घरी आला.

त्याच रात्री परतीचा पाऊस कोसळला. वीज गेली, ती दोन दिवस आली नाही. संगणक बंदच राहिला. तिसऱ्या दिवशी आजोबा वाफ्यावर गेले, तर कांद्याचं रोप पाण्यात सडलं होतं. आजूबाजूच्या वस्त्यांवरही तेच झालं होतं. लोक उळं, म्हणजे कांद्याचं बी, शोधत गावोगाव फिरू लागले. आजोबा घरात आले, फळीवरून उळ्याचा पत्र्याचा दुसरा डबा काढला आणि मुलाला म्हणाले, "चल, वाफसा आला की पुन्हा टाकू."

"आजोबा, हे कधी भरून ठेवलं होतं?"

"उन्हाळ्यात गोंडे झोडले, तेव्हाच. सगळं उळं एका पावसाच्या भरवशावर टाकत नसत्यात, बाबा."

भाऊबीजेला आत्या आली. ती घोडेगावच्या कोर्टात वकिली करायची. ओवाळून झालं, जेवणं झाली. मुलानं पेनड्राइव्ह तिच्यापुढं ठेवला आणि सगळी हकिकत सांगितली.

"आत्या, तूच सांग. विकत घेतलेल्या खेळाची प्रत ठेवता येते की नाही?"

"येते," आत्या म्हणाली. "कॉपीराइटचा कायदा १९५७चा. त्याच्या ५२व्या कलमात ती सूट आहे. संगणकाचा प्रोग्राम ज्याच्याजवळ रीतसर आहे, त्याला राखीव प्रत काढता येते. मूळ प्रत हरवली, मोडली तर अडू नये म्हणून. खेळाचा गाभा म्हणजे प्रोग्रामच."

मुलाचा चेहरा खुलला. "म्हणजे माझं बरोबर!"

"थांब. ती प्रत काढायची आपल्याजवळच्या तबकडीवरून. तुझ्या पेनड्राइव्हमधली तुझ्या तबकडीवरून निघालेली नाही. दुसऱ्याच कुणीतरी काढली आणि ज्याला त्याला वाटली. नेटवरून उतरवली असतीस तरी तेच. ती सूट अशा प्रतीला लागू होत नाही. तुझी पावती एका तबकडीची आहे."

"मग काय, पोलीस येतील?"

"पोराच्या संगणकापर्यंत बहुधा कुणी येणार नाही. पण कायद्यात काय आहे ते ऐकून ठेव. प्रत बेकायदा आहे हे माहीत असून संगणकावर वापरली, तर ६३-ब कलमाखाली ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापरली नसेल, तर न्यायाधीश कैद सोडून देऊ शकतात, दंडही ५०,०००च्या आत ठेवू शकतात. वीस-वीस रुपयांना प्रती विकणाऱ्याला मात्र ही सवलत मिळायची नाही."

आजोबा आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, "मी तर राखलेलं उळं शेजाऱ्यालाबी देतो. तेही चुकतं का?"

"नाही, तात्या. बियाण्याचा कायदा निराळा, २००१चा. शेतकऱ्यानं आपल्या शेतातलं बी राखावं, पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, विकावंसुद्धा. नोंदणी झालेल्या वाणाचं बी ब्रँडच्या नावानं तेवढं विकायचं नाही. खेळाच्या बाबतीत इतकी मोकळीक नाही. राखता येतं, वाटता येत नाही."

मुलानं ओरखडलेली तबकडी हातात घेतली. "मग हिच्यावरून काढता येईल?"

"हिच्यावरून आता काय निघणार?" आत्या म्हणाली.

त्यानं फळीवरच्या रिकाम्या डब्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मग वीज होती तोवरच पेनड्राइव्ह पुसून टाकला.

मार्गशीर्षात कांद्याची लागण सुरू झाली. मुलगा सुट्टीच्या दिवशी इतरांबरोबर रोपं लावायला जाऊ लागला. मजुरी साठली, तेव्हा त्यानं तोच खेळ पुन्हा विकत आणला. तबकडीला प्रत निघू नये म्हणून कुलूप असलं तर काय, हे त्यानं आधी आत्याला फोन करून विचारलं. तिनं २०१२ साली कायद्यात आलेलं ६५-अ कलम समजावलं: दुसऱ्याचा हक्क डावलायच्या हेतूनं कुलूप तोडलं, तर २ वर्षांपर्यंत कैद. या तबकडीला कुलूप नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यानं प्रत काढली. आजीनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवून दिली, तिच्यात मूळ तबकडी गेली.

वर्गातला मित्र म्हणाला, "मलाबी एक काढून दे की."

"काढून नाही देता येत," मुलगा म्हणाला. "पण घरी ये. दोघं खेळू." आणि तो मित्र मे महिन्यापर्यंत दर रविवारी येत राहिला.

मला विचाराल, तर पावती हातात असलेल्या माणसाची तबकडी मोडली, की कंपनीनं माफक पैशात ती बदलून द्यायला हवी. ग्राहकाचा तो न्याय्य हक्क व्हावा, असं मला मनापासून वाटतं. पण तो नाही म्हणून दुसऱ्यानं फुकट वाटलेली प्रत आपली होत नाही. खेळ रचणाऱ्यांचे त्यात वर्षानुवर्षांचे कष्ट असतात, जसे त्या वाफ्यात आजोबांचे होते. कायद्यानं आपल्याला राखीव प्रतीची सोय दिली आहे, पण तिचा उपयोग वस्तू धड असेपर्यंतच करता येतो. बहुतेकांना तिची आठवण मोडतोड झाल्यावर येते.

तुमच्या कपाटातही विकत घेतलेल्या अशा तबकड्या असतील. त्या अजून चालतायत का, ते या आठवड्यात पाहा. चालत असतील आणि कुलूप नसेल, तर प्रत काढून ठेवा. पुढं कधी मूळ तबकडी कुणाला विकलीत किंवा दिलीत, तर आपल्याजवळची प्रतही पुसून टाका.