हापसा कोणासाठी?

आयटीत डिझाइन थिंकिंगच्या कार्यशाळा होतात. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटतात आणि सगळे विचारतात, वापरणाऱ्याला काय हवंय? प्रश्न चांगलाच आहे. पण तेवढा पुरतो का? हापशाचं उदाहरण बघू.

१९७०च्या दशकात भारतातल्या दुष्काळी, खडकाळ भागांत हजारो बोअर मारले गेले. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबापुरते. इथे अख्खं गाव दिवसभर हापसायचं. पंप मोडत राहिले. मग जालना आणि सोलापूरकडे मिशनरी संस्थांच्या प्रयत्नांतून दणकट पंप तयार झाले. सोलापूर पंपावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क टू' आला. हापसणारी बाई डोळ्यांसमोर ठेवून केलेलं हे उत्तम डिझाइन होतं.

पण आतला वॉशर झिजला तर? मार्क टूचे सगळे पाइप वर ओढावे लागत. त्यासाठी गाडी, अवजारं, बाहेरून येणारी माणसं हवीत. तोवर गाव पाण्याविना. म्हणून मार्क थ्रीत पाइप रुंद केला. आता पाइप न काढता दट्ट्या वर घेता येऊ लागला, आणि बरीचशी दुरुस्ती गावातच शक्य झाली. पंपासोबत त्याची दुरुस्ती, सुटे भाग, माणसं यांचाही विचार करणं म्हणजे सिस्टिम्स थिंकिंग.

तरी एक प्रश्न उरतोच. शेजारच्या शेतात खोल बोअर मारून विजेची मोटर बसली, पाण्याची पातळी खाली गेली, की धडधाकट हापसाही कोरडा पडतो. मोटरवाला खूश असतो. त्याच्या दृष्टीनं डिझाइन यशस्वीच. हंडा घेऊन उभी असलेली बाई त्या मोटरची 'वापरणारी' नाही, म्हणून तिला कुणी विचारतच नाही.

म्हणजे 'वापरणारा कोण' हे ठरवणं हाच मुळात नैतिक निर्णय आहे. दहा मिनिटांत किराणा मागवणाऱ्याचं मन आपण ओळखतो. सिग्नलला घड्याळ बघणारा डिलिव्हरीवाला त्या चिठ्ठ्यांवर असतो का?

सिस्टिम्स थिंकिंगलाही पळवाट आहे. 'सिस्टीमच तशी आहे' म्हटलं की कुणीच जबाबदार उरत नाही. आकृतीत बाण दिसतात, माणसं दिसत नाहीत. म्हणून मला दोन्ही हवेत: आपल्या कामाची झळ कुठवर पोचते हे शोधायला सिस्टिम्स थिंकिंग, आणि तिथे उभ्या माणसाला नीट विचारायला डिझाइन थिंकिंग.