अवधान आणि ऋण

उत्तररात्री मंद आवाजात ऐकावयाच्या किंवा मेजवानीत वाजत ठेवावयाच्या जॅझ-संकलनांवर एक नैतिक आक्षेप घेतला जातो: जी कला अवधान मागते, तिची येथे केवळ पार्श्वभूमी होते. हा आक्षेप २५ जून १९६१ च्या एका ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कमधील ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात पियानोवादक बिल एव्हान्स, बासवादक स्कॉट लाफॅरो आणि ड्रमवादक पॉल मोटियन त्या दिवशी वाजवीत होते. त्या मुद्रणात पेल्यांची किणकिण आणि श्रोत्यांचे बोलणे आजही ऐकू येते. अनवधान, म्हणजे, निर्मितीच्या क्षणीच तेथे उपस्थित होते; संकलनाने ते नव्याने आणलेले नाही. वादकांनी अवधान ही आपल्या दानाची अट मानली नाही. परंतु दान विनाअट असले म्हणून घेणारा ऋणमुक्त होत नाही. अवघ्या अकरा दिवसांनी, ६ जुलै रोजी, पंचवीस वर्षांचा लाफॅरो मोटार-अपघातात मरण पावला. संकलनांतून त्याचा बास ऐकू येतो. नाव मात्र बहुधा कोणी वाचीत नाही. उत्तररात्रीच्या श्रोत्याने समाधी लावावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. बोलता बोलता त्याने क्षणभर थांबावे आणि ‘हे कोण वाजवीत आहे?’ असे विचारावे, एवढी अपेक्षा मात्र न्याय्य ठरते.