संकटकाळी देवास विचारावे ते काय?

शुक्रवार, दि. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथील आयुधनिर्माणीत भीषण स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळून कामगार खाली गाडले गेले. आठ जण प्राणास मुकले, काही जखमी झाले. आवाज आसपासच्या गावांत ऐकू गेला, आणि ज्यांच्या घरचे कोणी कामावर गेले होते त्यांनी कारखान्याच्या फाटकाकडे धाव घेतली. आत कोण सापडले व कोण वाचले याचा पत्ता लागेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात मनुष्य देवाशी काय बोलत असेल, हा विचार ती बातमी वाचल्यापासून आमच्या मनातून जात नाही.

तो बहुधा एकच बोल बोलत असेल : माझा माणूस वाचू दे. या मागण्यास नावे ठेवण्याचा अधिकार सुखाने घरी बसलेल्या लेखकास नाही. तथापि त्यात एक अवघड गाठ आहे. कोण गेले हे तोवर घडून चुकलेले असते. तेव्हा ‘माझा वाचू दे’ या शब्दांच्या पोटात ‘गेलाच असेल तर शेजारचा गेलेला असो’ हे न उच्चारलेले शब्द येऊन बसतात. मागणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. भीती त्याची दृष्टी एवढी आखूड करते की शेजारी उभी असलेली दुसरी आई त्याला दिसतच नाही.

पण मागणे निराळे आणि विचारणे निराळे. विचारण्याची वेळ पुढे येते. आठ दिवस, महिना लोटतो. मुलगा बचावलेला असतो, आणि त्याच फाटकातून पुन्हा आत जावे की नाही हे ठरवावयाचे असते. नोकरी सोडावी तर चूल कशावर पेटावी? जावे तर कोणत्या धीराने? अशा वेळी आई देवीपुढे उभी राहून विचारते, ‘माय, काय करू?’ हा खरा प्रश्न होय, आणि आमचे म्हणणे या प्रश्नापुरतेच आहे.

आम्ही मूळचे कोकणचे. आमच्याकडे अशा प्रसंगी ग्रामदेवतेस कौल लावतात. मूर्तीस फुले किंवा पाकळ्या ओल्या करून चिकटवावयाच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालावयाचे, आणि उजवीकडील फूल पडले तर होकार, डावीकडील पडले तर नकार समजावयाचा. गोव्यात यासच प्रसाद-पाकळी म्हणतात. सुधारकांनी या चालीची पुष्कळ थट्टा केली आहे. आमचा आक्षेप निराळा आहे व तो अनुभवाचा आहे.

आमचे वडील आजारी पडले तेव्हा त्यांस मुंबईस नेऊन शस्त्रक्रिया करावी असे वैद्यांचे मत पडले. त्यासाठी भाताचा एक तुकडा विकावा लागणार होता. आम्ही भावंडे घाबरलो होतो, हे खरे. पण कशास घाबरलो होतो, हे तेव्हा एकमेकांस सांगितले नाही. देवळात जाऊन प्रश्न घातला, ‘घरीच औषध चालू ठेवावे काय?’ डावे फूल पडले. पुन्हा लावला, पुन्हा डावेच. तिसऱ्या खेपेस उजवे पडले आणि आम्ही नमस्कार करून उठलो. वृद्ध गुरव एवढेच म्हणाला, ‘देवाला एकदाच इचारायचा असता.’ वडील त्याच पावसाळ्यात गेले. मुंबईस नेले असते तर वाचलेच असते असे आम्ही म्हणत नाही. पण त्या दिवशी आम्ही देवास विचारले नव्हते. आमच्या निश्चयावर त्याची सही घेतली होती, आणि ती मिळेपर्यंत उठलो नव्हतो.

म्हणून भयाच्या वेळी विचारणाऱ्याची निष्ठा कशी ओळखावी, याची एक खूण आम्हांस सुचते. जे उत्तर यावे असे आपणांस वाटत आहे त्याच्या उलट उत्तर आले तर ते घेण्याची तयारी आहे काय? नसेल तर विचारणे हे केवळ निमित्त.

दुसरी खूण तुकोबांच्या चरित्रात सापडते. सन १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात घोर दुष्काळ पडला. त्यात तुकोबांचा व्यापार बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. हे निराशेच्या तळाशी गेलेले गृहस्थ देहूजवळच्या डोंगरांवर एकांतास जाऊ लागले. त्यांपैकी एकाचे नाव भंडारा. विदर्भातील भंडाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, नामसाम्य तेवढे. तेथे त्यांस काय साक्षात्कार झाला याविषयी भाविकांनी पुष्कळ लिहिले आहे. आमचे लक्ष मात्र खाली उतरल्यानंतरच्या गोष्टीकडे जाते. परंपरा सांगते की, वडिलोपार्जित सावकारीची खतपत्रे काढून त्यांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली व धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांस दिला. गेलेली माणसे परत आली नाहीत, बुडालेला व्यापार वर आला नाही. भावाच्या हक्कास धक्का लागला नाही, आणि त्याच दुष्काळाने पिचलेल्या ऋणकोंच्या मानेवरील जू तेवढे उतरले. भीती मनुष्यास मुठी आवळावयास सांगते. येथे मूठ उघडली. हा आवाज भीतीचा नव्हता, असे यावरून म्हणता येते.

यावर एक आक्षेप आम्हांस मान्य आहे. स्वतःस झीज लावणारा प्रत्येक आवाज देवाचाच, असे कोण म्हणेल? इ. स. १९३३ च्या मे महिन्यात गांधीजींनी येरवड्यास २१ दिवसांचा उपवास आरंभिला, तो अंतर्नादाच्या आज्ञेवरून, असे त्यांनी सांगितले. तेव्हा त्यांच्या निकटच्या माणसांसही शंका आल्या. अशा बाबतीत बाहेरच्यास पटेल असा पुरावा देता येत नाही. एवढे मात्र दिसते की, तो उपवास त्यांनी दुसऱ्या कोणावर लादला नाही. अंगात येऊन जो शेजारणीस चेटकीण ठरवितो, त्याचा आवाज कोणाचा हे ठरविण्यास मात्र फार विद्वत्ता लागत नाही. महाराष्ट्राने २०१३ साली त्याविरुद्ध कायदाही केला आहे.

आणखी एक वाट चुकते ती ‘ईश्वरेच्छा’ हा शब्द घाईने उच्चारल्यामुळे. याच भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ रोजी जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षास आग लागून दहा बालके दगावली. अशा वेळी आईबापांच्या तोंडी तो शब्द आला तर तो त्यांचा आधार आहे. तो कोणी काढून घेऊ नये. पण ज्याच्यावर राखण सोपविलेली असते त्याने तोच शब्द उच्चारला तर ती पळवाट ठरते. शोक करणाऱ्याने ‘आता मी कसे जगू?’ असे विचारावे. राखणाऱ्याने ‘माझ्या हातून काय राहिले?’ असे विचारावे. देव एकच असला तरी दोघांचे प्रश्न एक नव्हेत.

आता जवाहरनगरच्या त्या आईकडे वळू. मुलगा जाईल की न जाईल याचे उत्तर तिला आम्ही देऊ शकत नाही, आणि देवीही फुलाच्या रूपाने ते देईल असे आम्हांस वाटत नाही. पण तिने डोळे मिटून विचारले आणि उघडल्यावर आपल्या मुलाबरोबर शेजारच्या घरचा मुलगाही तिला दिसला. ‘माझ्या मुलास तेवढे दुसऱ्या खात्यात घाला’ एवढेच न म्हणता, जे त्या छताखाली काम करतील त्या सर्वांसाठी चार प्रश्न विचारावयास ती शेजारणीसह त्या फाटकाशी गेली, तर तिला उत्तर मिळालेच नाही असे आम्हांस म्हणवणार नाही. मुलगा कामावर जाईल तेव्हा तिची भीती तशीच राहील. ती तो परत येईपर्यंत दारात बसेल, आणि पलीकडच्या दारात दुसरीही बसलेली असेल.