उतारशाळेचा खर्च कोणी भरला?

शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७



चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. त्याला कळवळा आला, त्याने जखमा बांधल्या, हे आपल्याला पाठ असते. परंतु ३५व्या वचनापाशी आपण क्वचितच थांबतो. दुसऱ्या दिवशी त्याने दोन दिनार काढून उतारशाळेच्या रखवालदाराला दिले आणि अधिक लागेल तो खर्च परत येताना फेडण्याचे वचन दिले. दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. दयेचे चित्र रेखाटताना प्रभूने पैशांचा हिशेब वगळला नाही. लुटारूंनी ज्याला एकदा नागवले, त्याला उपचाराने दुसऱ्यांदा नागवू नये, अशी तजवीज शोमरोन्याने केली.

आपल्या देशात आजार हा पुष्कळदा दुसरा लुटारू ठरतो. ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. याबद्दल देवाचे आभार मानू या. तरीही हा भार थोडा नव्हे. एकच बिल धनवानाच्या घरी किरकोळ खर्च ठरते. मजुराच्या घरी त्यापायी मंगळसूत्र गहाण पडते आणि लेकराची शाळा सुटते.

आणि राज्यकर्ते? २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली. बहुतेक राज्यांसाठी खर्चाचा वाटा केंद्राचा ६० व राज्याचा ४० टक्के ठरला. मग श्रेय कोणाचे व पैसा कोणाचा, हा वाद पेटला. पश्चिम बंगाल २०१९ मध्ये योजनेतून बाहेर पडले. दिल्लीने ती २०२५ मध्ये स्वीकारली. दोन्ही बाजूंकडे आपापली कारणे होती. याजक व लेवी यांच्याकडेही ती असतील. वाटेवर पडलेल्याला मात्र कारणांनी पट्टी बांधता येत नाही.

कोणी म्हणेल, दया ही अंतःकरणाची गोष्ट आहे. सरकारी तिजोरीशी मंडळीचा काय संबंध? यहेज्केलाचा ३४वा अध्याय वाचा. दुर्बळांना बळ दिले नाही, रोग्यांना बरे केले नाही, स्वतःचेच पोट भरले, असा ठपका देव तेथे इस्राएलाच्या मेंढपाळांवर, म्हणजे राज्यकर्त्यांवर ठेवतो. शिवाय शोमरोन्यालाही उतारशाळा लागलीच. एका जखमीला एक मनुष्य पुरतो; लाखो जखमींसाठी सर्वांच्या पैशाने चालणारी उतारशाळा हवी. अर्थसंकल्प म्हणजे तिच्यासाठी राष्ट्राने काढलेले दोन दिनार होत.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले, डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली वेल्लोरला एका खाटेने आरंभ केला. त्या कार्यामागे दूरदेशीच्या सामान्य विश्वासणाऱ्यांची दाने होती. त्यांनी ज्यांचे तोंडही पाहिले नव्हते, त्यांचा खर्च भरला.

आज आपली पाळी आहे. आपल्यापैकी अनेकांजवळ विमा आहे, बचत आहे. कर चुकवणारा विश्वासणारा आजाऱ्यांसाठी प्रार्थना करील, तर ती प्रार्थना खरी कशी? मत मागायला येणाऱ्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण विचारू या: आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर व औषध केव्हा येणार? आणि प्रत्येक मंडळीत आजाऱ्यांसाठी एक निधी असू द्या. त्यातून मदत देताना कोणाचाही धर्म विचारू नका. शोमरोन्याने तो विचारला नव्हता.

प्रभू येशूने दृष्टांताच्या शेवटी त्या शास्त्र्याला मत विचारून सोडले नाही. जाऊन तसेच करण्याची आज्ञा दिली. हे प्रभो, आमचे अंतःकरण हलव आणि आमची थैलीही उघड. आमेन.