गिऱ्हाईक कोठें शोधावें?

आमच्या मंडळ्यांतील कांहीं तरुण बंधु केवळ मजुरीवर विसंबून न राहतां रोपांचा व कलमांचा धंदा आरंभितात, हें पाहून आम्हांस संतोष होतो. विहिरीजवळ दोन गुंठे जागा, वर सावलीचा मांडव, खालीं मिरची, वांगीं व झेंडू यांचे वाफे आणि एका कडेस पिशव्यांतून आंब्याचीं कलमें, एवढ्यावर आरंभ होतो. अडचण पुढें येते. मिरचीचें रोप पांचसहा आठवड्यांचें झालें कीं लावणीस योग्य होतें; त्यानंतर तें वाफ्यांतच राहिलें तर किडकिडीत होतें, आणि मग कोणी फुकटही नेत नाहीं. म्हणून धंदेवाल्याची दृष्टि प्रथम मंडळीकडे जाते. रविवारीं उपासना सुटल्यावर सारे ओळखीचे एकत्र असतात. तेथेंच विक्रीचे चार शब्द बोलावे, यांत पाप तें काय?

आपण कोणता धंदा करितों हें सांगण्यांत पाप नाहीं. परंतु "मी तुमचा ख्रिस्ती बंधु, म्हणून माझ्याचकडून घ्या," असें तो ज्या घडीस म्हणतो, त्या घडीस तो रोप विकीत नाहीं, बंधुत्व विकतो. ज्या विधवेस परसांत मिरचीच्या दोनच ओळी लावावयाच्या आहेत, तिला नाहीं म्हणण्याची सोय उरत नाहीं. प्रभूनें मंदिरांतून विकणाऱ्यांस घालवून दिलें. तेथील कबुतरें यज्ञास लागणारींच होतीं. कबुतरांत कांहीं वाईट नव्हतें.

मंडळीनेंही आपली बाजू पाहावी. "आपलाच माणूस" म्हणून भाव पाडून घेणारे, आणि नाताळास देऊं असें म्हणून ईस्टरपर्यंत तोंड चुकविणारे बंधु थोडे नाहींत. परक्या दुकानदारास तेच लोक रोख मोजतात! आपल्या माणसाचें शेणखत व बीं फुकट येतें कीं काय?

आतां कलमांविषयीं. हापूसची कोय पेरिली तर हापूसच निघेल असा भरंवसा नसतो. म्हणून कोयीच्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधितात. कलम साधारण चारपांच वर्षांत फळावर येतें. घेणारा पानें पाहून पैसे देतो, फळ पाहून नाहीं. आणि कोंवळ्या पानावरून जात ओळखणें साधारण शेतकऱ्यास साधत नाहीं. म्हणजे येथें लबाडी पांच वर्षें झांकून राहूं शकते. ती उघड होते तेव्हां विकणाऱ्यानें पैसे केव्हांच खर्चिलेले असतात, आणि घेणाऱ्याची जमीन, पाणी व वर्षें गेलेलीं असतात. तराजूचा खोटेपणा त्याच दिवशीं दुसऱ्या तराजूवर कळतो. हा तसा कळत नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, अशा धंद्यांत गिऱ्हाईक शोधण्याचा एकच प्रामाणिक मार्ग आहे: काडी कोणत्या झाडाची हें सांगावें, आणि वैशाखांत तें झाड फळासह दाखवावें. मूळ झाड ठाऊक नसेल तर तसेंही सांगावें, मग घेणारा शेजारच्या वाडींत गेला तरी चालेल.

न विचारिलेलें सांगणें हेंही कर्तव्य आहे काय? आम्हांस तें कर्तव्यच वाटतें. कलमाच्या सांध्याखालून फुटणारा फोक कोयीचा असतो. तो राखिला तर वर बांधिलेल्या काडीचें पोषण खातो. हें न सांगतां कलम विकणारा खोटें बोलला नाहीं खरा, पण आपल्याजवळचें ज्ञान त्यानें आपल्याजवळच ठेविलें.

झेंडूचा प्रश्न कांहीं बंधूंस टोंचतो, कारण दसऱ्यास त्याचें गिऱ्हाईक सर्वांत मोठें, आणि फुलें मूर्तीपुढें जातात. करिंथ येथील मंडळीस पौलानें बाजारच्या मांसाविषयीं दिलेली मोकळीक येथें लागू पडते असें आम्हांस वाटतें. तेंच फूल लग्नांत आणि आमच्या देवळांतही लागतें. तथापि ज्याचें मन साशंक आहे त्यानें तें गिऱ्हाईक शोधीत फिरूं नये, व ज्याचें मन मोकळें आहे त्यानें त्याला हंसूं नये. मात्र दसऱ्याच्या फुलांसाठीं बीं आषाढांतच टाकावें लागतें. तेव्हां हा निर्णय वाफा तयार करण्यापूर्वींच व्हावा.