आधी ऐकावे, मग सांगावे



आषाढी जवळ आली की संत मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते, आणि मोताळा, बुलढाणा, चिखली मागे टाकीत देऊळगाव राजावरून जालन्याच्या वाटेला लागते. गेल्या वारीत या बालाजीच्या गावी दिंडी विसावली असता आमच्या ओळखीचे एक माळकरी शेतकरी भेटावयास आले. एकमेकांच्या पाया पडून झाले, चहापाणी झाले, तरी त्यांचा पाय निघेना. शेवटी म्हणाले, "महाराज, आमची पोरगी बी. ए. झाली. आता म्हणते, मानसशास्त्र पुढं शिकायचं अन् तरण्या पोरापोरींच्या मनाचं दुखणं ऐकायचं काम करायचं. समुपदेशक का काय म्हणतात ते. दुसऱ्याचं दुःख ऐकायचं अन् त्याचे पैसे घ्यायचे, हे माळकऱ्याच्या घरात शोभतं का? तुम्हीच तिला नको म्हणा. तुमचं ती ऐकंल."

वाचक वारकरी बंधुभगिनींनो, प्रश्न एका घरचा आहे, पण तो उद्या आपल्या कोणाच्याही ओसरीवर येऊन बसेल. म्हणून त्याचा चारचौघांत विचार करू.

उत्तर देण्यापूर्वी आमची एक चूक सांगणे भाग आहे. याच घरचा थोरला मुलगा काही वर्षांमागे आमच्या दिंडीत टाळकरी होता. बारावीची परीक्षा देऊन आला होता. एका मुक्कामी रात्री हरिपाठ आटोपल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "महाराज, झोप येत नाही. कशातच जीव रमत नाही. कधी कधी वाटतं..." एवढे त्याच्या तोंडून निघाले, आणि आम्ही त्याला तेथेच धरले. "अरे, या वयात कसलं आलंय दुःख? आईबाप उन्हातान्हात राबतात, त्यांच्याकडे बघ. नाम घे, सगळं बरं होईल." त्याने मान हलविली, पाया पडला आणि उठून गेला. एका पोराला मार्गाला लावले, या समाधानात आम्ही झोपी गेलो.

पुढच्या वारीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही वारीला नाही. मागाहून कळले, पोराचे कॉलेज सुटले होते, जेवणावर वासना नव्हती, वर्षभर तो खोलीचे दार लावून पडून होता. शेवटी धाकट्या बहिणीने हट्ट धरून त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. औषध सुरू झाले, एका समुपदेशकाकडे दर आठवड्याला बोलणे सुरू झाले, आणि हळूहळू पोर माणसांत आले. आज तो शेडनेटमध्ये बियाण्याचे प्लॉट करतो. तिसऱ्या वर्षी वाटेवर भेटला तेव्हा हसून म्हणाला, "महाराज, तुम्ही वाईट काहीच बोलला नव्हता. पण माझं वाक्य पुरं व्हायचं होतं."

हे वाक्य आमच्या मनातून आजवर गेलेले नाही. नवविधा भक्तीत पहिली पायरी श्रवणाची. आम्ही जन्मभर कीर्तने ऐकली, पारायणे ऐकली, आणि एका पोराचे एक वाक्य शेवटपर्यंत ऐकू शकलो नाही! ज्याला नुसते देवाचेच ऐकू येते आणि शेजारी बसलेल्या लेकराचे ऐकू येत नाही, त्याचे श्रवण पुरे झाले म्हणावे काय?

मुक्ताईच्याच पालखीसंगे चालताना हे विसरणे तर अधिकच लाजिरवाणे. आईबाप गेलेले, जातिबाहेर टाकलेली ती चार लेकरे. लोकांच्या बोलण्याने मन विटून ज्ञानोबांनी झोपडीची ताटी आतून लावून घेतली, तेव्हा धाकटी बहीण दाराशी उभी राहिली. ताटीचे अभंग म्हणून जे आपण गातो ते त्याच प्रसंगाचे. तिने ताटी मोडली नाही, आणि दाराशी दोन शब्द बोलून परतही फिरली नाही. आतल्याच्या दुःखाला दुःख मानून ती बोलत राहिली, आणि ताटी ज्ञानोबांनी स्वतःच्या हाताने उघडली. तरण्या मनावर उपचार करणाऱ्याचे काम याहून निराळे ते काय? दार ज्याचे त्यानेच उघडावयाचे असते. बाहेरच्याने तेथून हलावयाचे नाही, आणि दारही फोडावयाचे नाही.

परदेशातली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. इंग्लंडात चॅड व्हारा नावाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊन गेले. 1935 साली त्यांनी पहिला अंत्यविधी केला तो एका 14 वर्षांच्या मुलीचा. तिला पाळी सुरू झाली होती. हा काही वाईट रोग आहे असे समजून, भिऊन तिने जीव दिला होता. विचारावे असे तिला कोणी नव्हते! तो घाव त्यांच्या मनात राहिला. 1953 साली लंडनच्या आपल्या चर्चमध्ये टेलिफोन ठेवून, जीव नकोसा झालेल्यांनी आमच्याशी बोलावे, असे त्यांनी जाहीर केले. लोक येऊ लागले. बाहेर थांबलेल्यांना मदतनीस चहा देत आणि त्यांचे बोलणे ऐकत बसत. थोड्याच दिवसांत दिसले की कित्येकांचे ओझे तेथेच हलके होते आणि धर्मोपदेशकाला न भेटताच ते समाधानाने परततात. मग त्यांनी ऐकण्याचे काम त्या मदतनिसांच्याच हाती दिले. आम्हां उपदेश करणाऱ्यांना यात मोठा धडा आहे.

"मग कोणीही ऐकावे; त्याला शिक्षण कशाला?" असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे की दुःख आणि दुखणे यांत फरक आहे. दुःख ऐकल्याने हलके होते. दुखणे ओळखावे लागते, आणि कधी त्याला औषधही लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मनाची निम्मी दुखणी वयाच्या 14 वर्षांच्या आतच मूळ धरतात. आणि आपण म्हणत असतो, पोर आळशी झाले, पोर उर्मट झाले. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' नावाचा एक प्रयोग झाला. गावच्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले आणि त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ डॉक्टर उभे केले. आधी उदासीनतेने आजारी असलेल्या 100 माणसांत जेमतेम 4 माणसे उपचारापर्यंत पोचत होती. दीड वर्षात ती 27 झाली. 2017 साली या कामाचा अहवाल प्रसिद्ध झाला. ऐकणारा आणि जाणणारा यांची जोडी जमली म्हणजे काय होते, ते यावरून दिसते.

आता त्या बापाच्या शंका एकेक घेऊ.

पहिली शंका पैशाची. दुःख विकत घेऊ नये हे खरेच. पण वैद्य नाडी पाहण्याचे घेतो, गुरुजी शिकविण्याचे घेतात, त्याला आपण पाप म्हणत नाही. समुपदेशक माया विकत नाही. आपला वेळ आणि आपले शिक्षण यांचा मोबदला घेतो. पाप आहे ते दुसरीकडे. न शिकता पाटी लावणे हे पाप. आणि आलेल्या माणसाला कायमचे आपल्यावर टेकवून ठेवणे हे त्याहून मोठे पाप. चांगल्या समुपदेशकाची खूण ही की थोड्या दिवसांनी त्या माणसाला त्याची गरज उरत नाही. आम्हां बुवामंडळींनीही ही कसोटी स्वतःला लावून पाहावी! राहिला गरिबाचा प्रश्न. त्याच्यासाठी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे, आणि 2022 पासून सरकारने टेली-मानस नावाची सेवा सुरू केली आहे. 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते.

दुसरी शंका नामाची. नाम असता हे कशाला? वारीत एखाद्याचा पाय मोडला तर आपण त्याला नुसते नाम घे म्हणतो काय? आधी हाड बसवितो, मग तो नाम घेत पुन्हा चालतो. मनाच्या हाडालाही तोच न्याय. मात्र समुपदेशकानेही मर्यादा पाळावी. समोरच्याची श्रद्धा काढून घेऊ नये, आणि आपली त्याच्या गळ्यात बांधू नये.

तिसरी शंका गुपिताची. "आमचं पोर तिच्याशी बोलणार अन् ती आम्हाला सांगणार नाही, हे कसं?" बापहो, पोर तुमच्याशी बोलत असते तर तिच्याकडे कशाला गेले असते? सांगितलेले बाहेर फुटणार नाही, हा विश्वास असल्यावाचून तोंड उघडत नाही. पण या नियमालाही कड आहे. जिवाला धोका दिसला तर समुपदेशक गप्प बसत नाही, घरच्यांना जागे करतो. आणि हे तो पहिल्याच भेटीत पोराला उघड सांगून ठेवतो. शिवाय तेथे केलेले बोलणे ही घरी बोलण्याची तालीमच असते.

चौथी शंका त्याने बोलून दाखविली नाही, पण डोळ्यांत दिसली. लोक काय म्हणतील? वेड्यांत बसणाऱ्या पोरीला स्थळ कोण सांगेल? याच तालुक्यातले मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मगाव मानले जाते. विटाळ धरून माणसाला दाराबाहेर ठेवणे काय असते, हे या मातीला कोणी शिकवावयास नको. देहाचा विटाळ कायद्याने गेला, आणि मनाच्या दुखण्याचा विटाळ आपण अजून धरून बसलो आहो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर, जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावे, त्याला शिक्षा नव्हे तर आधार द्यावा, असे ठरविले. सरकारचा कायदा दयेच्या वाटेने पुढे गेला आणि माळकरी मागे राहिला, असे होऊ नये.

त्या मुलीलाही आम्ही भेटलो. यावेळी आधी ऐकले. ती म्हणाली, "दादाचं पाहिलं, तसं कुणाचं होऊ नये म्हणून शिकायचं." हेतू सोन्यासारखा आहे. पण आम्ही तिला एवढेच म्हटले की, "बाई, जखम सोसली म्हणजे वैद्यकी आली असे नाही. प्रत्येक पोरात तुला दादा दिसू लागेल, आणि मग समोरच्याचे ऐकणे राहून जाईल." तिला हे ठाऊक होते. पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे. पुढे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हावयाचे तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यास आणि तिच्या नोंदवहीत नाव. जाणत्यांच्या देखरेखीखाली काम. आणि स्वतःचे मन मोकळे करावयास स्वतःचाही एक ऐकणारा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून काम करते, हेही तिनेच आम्हांस सांगितले. एवढे करूनही एखादे लेकरू हातचे निसटेल. तेव्हा मोडून न पडता दुसऱ्या दिवशी दाराशी पुन्हा उभे राहता यावे, एवढे बळ तिने विठ्ठलाकडे मागावे. तारणारे आपण नव्हे. आपण दाराशी उभे राहणारे.

सकाळी पालखी निघाली. ते शेतकरी गावाबाहेरपर्यंत बरोबर चालले. निरोप घेताना म्हणाले, "महाराज, तुम्ही नको म्हणाल असं वाटलं होतं. आता घरी जातो अन् पोरीशी बोलतो. म्हणजे," थोडे थांबून म्हणाले, "ती काय म्हणते ते आधी पुरतं ऐकून घेतो."

असो. येत्या वारीत एखादे तरणे पोर आपल्याजवळ येऊन बसेल आणि अर्धेच वाक्य बोलेल. संतसज्जनहो, तेव्हा एवढेच करा. ते वाक्य त्याला पुरे करू द्या.

रामकृष्णहरि.