पवित्र क्रूसाची भूमी आणि तांबडे लाकूड

कालिकतकडे निघालेल्या पेद्रो आल्व्हारेस काब्राल या पोर्तुगीज दर्यावर्द्याच्या ताफ्याला २२ एप्रिल १५०० रोजी एक अनोळखी किनारा दिसला. चार दिवसांनी फ्रान्सिस्कन धर्मगुरू हेन्रिक यांनी तेथे मिस्सा अर्पण केली. त्या भूमीला ‘व्हेरा क्रूझ’, म्हणजे खरा क्रूस, असे नाव देण्यात आले. ते टिकले नाही. किनाऱ्यालगतच्या अरण्यात एक वृक्ष होता. खोडावर काटे, शेंगांवरही काटे, पिवळ्या फुलात तांबडा डाग आणि गाभा लालबुंद. तूपी लोक त्याला ‘तांबडे लाकूड’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. कापड रंगविण्यासाठी युरोपात पूर्वेकडून पतंगाचे लाकूड जात असे. त्याला तिकडे ‘ब्राझील’ म्हणत. ह्या वृक्षातही तसाच रंग निघाला. त्या लाकडाचे नाव वृक्षाला मिळाले आणि वृक्षाचे देशाला.

सोळाव्या शतकातील इतिहासकार जुआंव द बारुश ह्यांना ही सैतानाची करणी वाटली. क्रूसाच्या जागी कापड रंगविणाऱ्या लाकडाचे नाव यावे! त्यांची खंत आम्हांला समजते. निदान मात्र पटत नाही. क्रूससुद्धा लाकडाचाच होता. वृक्षाच्या नावाने त्याचा अवमान कसा होईल? खरी चूक वृक्षात केवळ रंग पाहण्याची होती. उत्पत्तीच्या पुस्तकात एदेन बागेतील झाडांचे देखणेपण आधी सांगितले आहे, खाण्याजोगेपण मागाहून. व्यापाऱ्यांनी तो क्रमच पुसून टाकला. कुऱ्हाडी, सुऱ्या, आरसे यांच्या मोबदल्यात तूपींनीच झाडे तोडून किनाऱ्यावर आणून दिली. हे सारे मिस्सा अर्पण करणाऱ्यांच्याच राज्यात घडले, हे आम्हां ख्रिस्ती लोकांना विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग आले, तरी वृक्षाची सुटका झाली नाही. त्याआधीच पॅरिसच्या फ्रान्स्वा तूर्त ह्या कारागिराने व्हायोलिनच्या गजासाठी हे लाकूड सर्वोत्तम ठरविले होते. येथे प्रश्न अधिक बिकट होतो. रंगाच्या लोभाला दोष देणे सोपे; पण संगीत? आमच्या गायनवृंदातही व्हायोलिन वाजते. स्तुती सुंदर असली म्हणून तिच्यासाठी तोडलेले अरण्य क्षम्य ठरावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. भेटवस्तू वेदीवर ठेवण्यापूर्वी आपल्या भावाशी समेट करावा, ही प्रभूची शिकवण येथेही लागू पडते.

१९७८ मध्ये ब्राझीलने ह्याला राष्ट्रीय वृक्ष घोषित केले. २००७ पासून त्याच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. काही गज बनविणाऱ्यांनी आता रोपे लावण्यास हातभार लावला आहे. त्या झाडांचा गाभा गजाजोगा होण्यास कित्येक दशके लागतात. लावणाऱ्यांपैकी अनेकांच्या हाती ते लाकूड कधीच येणार नाही.